खिळ्यावरचं मंगळसूत्र

सुनेचा विसरलेला डबा घेऊन मंदाकिनीबाई मानपाड्याच्या लॅपटॉप रिपेअरिंगच्या दुकानात शिरल्या, आणि त्यांची नजर पहिली गेली ती भिंतीवरच्या खिळ्याकडे. खिळ्याला मंगळसूत्र लटकत होतं. लग्नात त्यांनी स्वतः निवडलेलं. त्याच्या बाजूला दुकानमालक जगनचं स्टीलचं कडं.

सून, शिवानी, टेबलावर वाकून कुणाचा तरी लॅपटॉप उघडत होती. गळा मोकळा. हिरव्या बांगड्या प्लास्टिकच्या डबीत. मनगटाला कसलासा निळा पट्टा आणि त्याची वायर भिंतीतल्या अर्थिंगला. अंगावरची हळद नीट उतरली नव्हती अजून पोरीच्या.

"शिवानी, हे काय?"

शिवानीचा चेहरा पडला. संध्याकाळी निघताना ती सगळं परत घालायची, त्यामुळे घरी विषय निघालाच नव्हता. तिने सांगून पाहिलं, की उघड्या मशीनजवळ धातू चालत नाही, हा नियम जगनदादांनाही आहे. आणि हा पट्टा कशाला, तर थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढी वीज बोटातून गेली तरी आतला पार्ट मरतो. पट्टा ती जमिनीत सोडतो.

बाईंनी निम्मंच ऐकलं. त्यांचा आर्यन रोज बाईकवरून शिळफाट्याच्या रस्त्याने कंपनीत जातो, त्या कंटेनरांच्या मधून. आणि तेवढा वेळ त्याच्या बायकोचं मंगळसूत्र खिळ्याला? चिडल्या नव्हत्या हो त्या, घाबरल्या होत्या. आवाज मात्र चिडल्यासारखा आला.

"ज्या कामात गळ्यातलं उतरवावं लागतं, ते काम आपल्याला नको. उद्यापासून घरी राहा."

चहा सांगून येतो म्हणत जगन बाहेर सटकला. शहाणा माणूस.

शिवानीला रडू येत होतं. हे काम तिला मनापासून आवडायचं, लग्नाच्या आधीपासून. पण समोरच्या लॅपटॉपमधली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती, ती अर्धवट सोडून चालणार नव्हती. एवढं काढून घेते, मग बोलू, असं ती म्हणाली. आणि जरा लांब बसा, साडी नायलॉनची आहे.

लांब कसल्या बसतायत! एवढं काय आहे त्यात, म्हणून बाई टेबलाशी आल्या आणि वाकल्या. त्यांचं लांब मंगळसूत्र पदरातून सुटलं आणि झुलत उघड्या बोर्डाकडे गेलं.

शिवानीने ते वरच्यावर मुठीत पकडलं.

"आई, हलू नका."

दोघींची कपाळं जवळजवळ टेकली होती. बॅटरी अजून जोडलेली आहे, शिवानी हळूच म्हणाली. सोनं बोर्डाला टेकलं असतं तर ठिणगी उडाली असती, आणि फुगलेल्या बॅटरीजवळ ठिणगी म्हणजे धूर, जाळ. तुमच्या तोंडाशी. मूठ तशीच धरून तिने सासूला सरळ उभं केलं, आणि मगच वाट्या सोडल्या.

बाई दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. शिवानीने प्लास्टिकच्या पट्टीने बॅटरीची पिन काढली, मग बॅटरी न वाकवता, न टोचता अलगद सोडवली आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीत ठेवली. डोळे भरलेले होते, पण हात जरासुद्धा हलला नाही. बाई बघत होत्या.

मग त्या उठल्या. खिळ्यावरचं मंगळसूत्र काढून हातात घेतलं. आता निघायचं, असं समजून शिवानी मनगटाचा पट्टा सोडायला लागली.

"राहू दे तो," बाई म्हणाल्या. "खिळ्याला लटकवायचं नाही, एवढंच. गळ्यातलं कुणाच्या तरी गळ्यातच राहायला हवं."

आणि सुनेचं मंगळसूत्र त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलं. आपल्या मंगळसूत्रावरच. परत स्टुलावर जाऊन बसल्या, टेबलापासून चांगल्या लांब.

एक गिऱ्हाईक आलं. त्याने बाईंच्या गळ्याकडे बघितलं, परत बघितलं. बाईंनी पदर ओढून घेतला नाही.

"काय गं," त्यांनी तिथूनच विचारलं, "उद्या दुकान किती वाजता उघडतं?"