यंदाचा पहिला नंबर

“पतिव्रतेचा म्हणायचं,” भाऊसो म्हणाले. “दुसरं नाव तोंडातनं निघालं, तर उद्यापास्नं दारावर यायचं न्हाई.”

दगडाबाई पदर खोचून आत निघाली. आत मध्यंतराची घंटा झाली होती. तासगावच्या त्या थेटरात दर बुधवारी दुपारी बायकांचा खेळ असे, आणि हा दिवाळीआधीचा शेवटचा बुधवार होता. भाऊसो थेटरचे मालक. भाऊबिजेला ते गावातल्या समस्त बायकांना फुकट सिनेमा दाखवत. एवढ्या बहिणींचा भाऊ पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्या दिवशी लागायचा तो वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा. आणि तो कुठला, हे या बुधवारी मध्यंतरात पडद्यासमोर उभं राहून सांगायची दगडाबाई. गेली चार वर्षं हा मान तिचा होता.

तसं तिचं काम बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं. पण सिनेमाचं वेड असं, की बघता बघता सगळ्या बाया तिच्याच शब्दावर चालू लागल्या. दगडाबाई ‘बरा हाय’ म्हणाली की चूल विझवून निघायच्या. तिनं नाक मुरडलं की थेटरात माश्या. एवढं वेड असून तिच्या नशिबी सलग सिनेमा कधी आला नाही. आत कुणाचं पोर रडलं की ते काखेला मारून बाहेर लिंबाखाली न्यायचं, हेही तिचंच काम होतं. मग एका बुधवारी सुरुवात, दुसऱ्या बुधवारी शेवट, अशी ती सिनेमाला ठिगळं जोडत बसायची. तरी तिला या दारापेक्षा चांगली जागा जगात माहीत नव्हती. नवरा लढाईवर गेला तो आलाच नाही. त्यानंतर तिला हसवलं ते याच पडद्यानं.

यंदा भाऊसोंना पतिव्रतेचा सिनेमा हवा होता. त्यातली बाई तीन तास रडते आणि शेवटी देव प्रसन्न होतो. गावच्या कारभाऱ्यांनाही तोच हवा होता, कारण श्रावणात आलेला मशीनवालीचा सिनेमा त्यांच्या घशातून अजून खाली उतरला नव्हता. सिनेमाची नावं बायकांच्या लक्षात राहत नसत. मशीनवालीचा म्हटलं की कळायचं. त्यातली बाई नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस शिवणाचं मशीन डोक्यावर घेते आणि घराबाहेर पडते. नवरा न्यायला येतो, तर ही दार उघडत नाही. झालं! चार शहाण्यांनी भाऊसोंना गाठलं आणि तिसऱ्याच दिवशी सिनेमाची पेटी सांगलीला परत गेली. बायकांचा खेळ एकच झाला. त्यानंतर गावात एकाही बाईनं त्या सिनेमाचं नाव काढलं नाही. सासूनं विचारलंच, तर ‘काय की, मला झोपच लागली’ म्हणायच्या. तेव्हा बायकांनाही तो आवडला नाही, असं भाऊसोंनी आपलं ठरवून टाकलं.

दगडाबाई पडद्यासमोर आली. समोर सतरंजीवर गावभरच्या बाया, आणि पुढे खुर्चीवर एकट्या चंद्राबाई, भाऊसोंच्या मंडळी. भाऊसो बाजूच्या दारात हाताची घडी घालून उभे. दगडाबाईच्या मनात आलं, पोटाचं काय, शेतावर भांगलायला गेलं तरी भागेल. पण दार गेलं की सिनेमा गेला. मग तिला स्वतःचाच राग आला. आज खोटं सांगायचं, तर चार वर्षं खरं तरी कशाला सांगितलं?

तिनं कमरेची दाराची किल्ली काढली. तरातरा गेली आणि भाऊसोंच्या हातात ठेवली. परत येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, “यंदाचा पहिला नंबर, मशीनवालीचा.”

भाऊसो तावातावानं पुढे आले.

“बायांनो, हिच्यावर इसवास ठेवू नका. हिनं त्यो सिनेमा बघितलाच न्हाई! म्या सोता लांबनं बघितलं. पयल्यापास्नं शेवटापत्तर ही बाहेर लिंबाखाली हुती.”

कुणीतरी फिसकन हसलं. “खरं का गं?” मागून एका म्हातारीनं विचारलं.

“खरं हाय, आत्याबाई. त्यातलं एक चित्रबी म्या बघितलं न्हाई,” दगडाबाई म्हणाली. “सोळा पोरं हुती माझ्याजवळ. एरवी पोर रडलं की घटकाभरात आई मागनं पळत येती. त्या दिशी सोळाच्या सोळा गळा काढून रडली, समदी गल्ली गोळा झाली. पर एकीचीबी आई उठून आली न्हाई. आता तुमीच सांगा, चांगला कंचा.”

भाऊसो मोठ्यानं हसले. “सोळा पोरं! कुणाकुणाची गं? एकीचं तर नाव सांग!”

बायांच्या माना खाली गेल्या. सोळाही नावं दगडाबाईला तोंडपाठ होती. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. नाव घेतलं तर त्या बाईची घरी काय गत होईल, हे तिला ठाऊक होतं.

“बघा!” भाऊसो बायांकडे वळून म्हणाले. “हाय का एक तरी अशी आई?”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या. भरल्या थेटरात नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी आजवर कधी वर मान करून बघितलं नव्हतं. आज बघितलं.

“आवं,” त्या म्हणाल्या, “त्यातलं एक आपलं हुतं.”