उखर्डू आबांची गाठ

सातपुड्याच्या जंगलात तंबू ठोकून राहायची कल्पना व्याही योगराजांची. ते धुळ्याहून नवे तंबू घेऊन आले आणि उखर्डू आबा चोपड्याहून बांबू नि सुतळी. गेल्या उन्हाळ्यात वादळाने आबांची केळीची बाग आडवी केली, तेव्हापासून बेबाबाई नवऱ्याला एकच ऐकवत होत्या, “तुमनी गाठच ढिली.” आता त्या तंबूत जाऊन लवंडताच आबांनी बाहेरून बांबूचे टेकू लावले आणि घडाच्या केळीला घालतात तसे चहूबाजूंनी सुतळीचे वेढे घातले. योगराज हसले, “आबा, हाऊ तंबू शे, केळीनी बाग नही.” संध्याकाळी वारं सुटलं. बाकीचे तंबू सागावर जाऊन बसले आणि योगराज गाडीत. आबांचा तंबू तसूभर हलला नाही. आबा कमरेवर हात ठेवून वाऱ्याकडे बघत राहिले. शेवटी आतून बेबाबाई बोलल्या, “गाठ पक्की शे तुमनी. आते माले बाहेर काढा.”