मूठ वळली

"वळा बरं मूठ," डॉक्टर म्हणाले.

द्वारकाबाईंनी उजवा हात पुढे केला. चिकुनगुन्याचा ताप उतरून वर्ष होत आलं होतं, तरी त्यांना साधा पदरही खोचता येत नव्हता. आज मात्र बोटं एकेक करत तळव्यात मिटली.

"आई, वळली!" सून शुभदा आनंदाने म्हणाली.

"ही सांधेदुखी हळूहळूच जाते," डॉक्टर हसले. द्वारकाबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

रिक्षात बसल्यावर शुभदाने विचारलं, "काय झालं, आई?"

"त्या तापात आम्ही दोघं शेजारशेजारच्या खाटांवर होतो. जायच्या आधी हे म्हणाले, 'द्वारके, हात धर गं.' माझी मनगटं सुजलेली, बोटं लाकडासारखी ताठ. हात कसाबसा त्यांच्या अंगावर टाकला. धरता आला नाही."

"यात तुमचा काय दोष?"

"दोष नाही गं. पण रोज पहाटे ते अजून तशीच हाक मारतात. मी सांगते, 'अहो, बोटं वळत नाहीत.' मग ते गप्प होतात."

द्वारकाबाईंनी मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

"उद्या काय सांगू?"