शिडीच्या हातात चेंडू

ताई साडेतीनलाच कोर्टवर आल्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या. मांडीवर वर्षभरातल्या चौदा सामन्यांचे तक्ते होते आणि समितीचा एक छापील फॉर्म. कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नवा कोच आला, आणि त्याच्या पहिल्याच वर्षी संघ चौदांपैकी अकरा सामने हरला. त्याला ठेवायचं की नारळ द्यायचा, हे उद्या समिती ठरवणार होती. प्राचार्यांनी सांगितलं होतं, तुमच्या मताला सगळ्यात जास्त वजन राहील.

खरं तर ताईंचं मत घरून निघतानाच ठरलं होतं. या माणसाने आल्या आल्या दोन मुरलेल्या खेळाडूंना संघाबाहेर काढलं. त्यातली एक डावखुरी, अख्खा संघ खेळवणारी. त्यांच्या जागी घेतल्या पहिल्या वर्षाच्या दोन मुली, ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या कॉलेजने ढुंकूनही पाहिलं नसतं. असा संघ बांधणाऱ्याला काय म्हणायचं, ते फॉर्मवर लिहिण्यासारखं नव्हतं.

सराव सुरू झाला आणि ताई जरा पुढे सरकून बसल्या. चेंडू घेऊन शिडी येत होती. तिला सगळे शिडीच म्हणायचे, कपडे बदलायच्या खोलीत ती वाकून शिरायची. ताईंनीच तिला संघात घेतलं होतं आणि वर्षभर एकच गोष्ट सांगितली होती. बास्केटखाली उभी राहा, हात वर ठेव, चेंडू आला की आत टाक, बाकीचं तुझं काम नाही. त्या वर्षी संघ अंतिम फेरीत पोचला होता. आता तीच मुलगी कमरेत वाकून, टप्पे देत मध्यरेषेपर्यंत आली, आणि तिथे चेंडू तिच्याच बुटावर आपटून बाहेर गेला. कोचने चेंडू उचलून पुन्हा तिच्याच हातात दिला.

ताईंनी तक्ते चाळले. शिडीने चेंडू किती वेळा घालवला, त्याचा वेगळा रकाना होता. नऊ. अकरा. आठ. पुन्हा अकरा. मग हळूहळू कमी होत शेवटच्या चार सामन्यांत पाच, चार, चार, तीन. तो रकाना त्यांनी वरपासून परत वाचला.

मुली पाणी प्यायला थांबल्या तेव्हा कोच जवळ आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"हिच्या हातात चेंडू देऊन किती सामने घालवलेस?" ताईंनी विचारलं.

"पाच," तो म्हणाला. "आणि निदान दोन त्या डावखुरीला काढल्यामुळे गेले. ती चुकी माझी. मला वाटलं, ती असेपर्यंत बाकीच्या चेंडूला हात लावायच्या नाहीत. तिच्याशी आधी बोलायला हवं होतं, ते केलं नाही."

ताई बरेच प्रश्न ठरवून आल्या होत्या. त्यातला एकही विचारण्यासारखा उरला नाही.

मग शिडी स्वतःहून आली. घाम पुसत तिने ताईंची विचारपूस केली, घरी बसून कंटाळा येतो का म्हणाली. शिट्टी वाजली तशी ती निघाली, आणि जाता जाता, काही तरी चांगली बातमी द्यावी तसं हसून म्हणाली, "ताई, मला आधी वाटायचं, मी नुसती उंच आहे."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे ताईंनी फॉर्म वाचून दाखवला. संघबांधणीला दहापैकी चार. डावखुरीला घाईने काढलं, तिच्यासारखा संघ खेळवील अशी कुणी शोधली नाही, राखीव मुली कच्च्या आहेत. एका सदस्याने पेनाला टोपण लावलं. त्याच्या मते प्रश्न मिटला होता. मग ताईंनी पुढचा रकाना वाचला. खेळाडूंची प्रगती, दहापैकी नऊ.

अकरा पराभवांत प्रगती कुठे दिसली, असं प्राचार्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, चार वाजता कोर्टवर येऊन बसा, आणि लगेच उठू नका, मलाही लगेच दिसली नव्हती. निवृत्तीनंतर ताई मवाळ झाल्या, असं कुणीतरी हळूच बोललं. ते त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. बरीच घासाघीस झाल्यावर कोचला आणखी एक वर्ष मिळालं.

तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. ताईंनी त्याला निकाल सांगितला. डावखुरीकडे जाऊन माफी माग, म्हणाल्या, ती येईल की नाही ते तिच्यावर. त्याने मान हलवली आणि तो सरावाला गेला.

ताई जिन्याजवळच्या बाकावर बसल्या. चष्मा लावून त्यांनी फोनमध्ये एक नंबर शोधून लावला. त्यांच्या अगदी पहिल्या संघात एक उंच मुलगी होती, पाच वर्षं बास्केटखाली उभी राहून खेळलेली. आता तिचं चष्म्यांचं दुकान होतं, मुलगी दहावीला होती. दुकानाचं, मुलीचं सगळं बोलून झालं. मग ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? माझ्याकडे खेळायचीस, तेव्हा तुला कधी वाटलं का गं, की चेंडू घेऊन आपणच पुढे जावं?"

पलीकडे दुकानात कुणी गिऱ्हाईक काही विचारत होतं. तिने त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं.

"रोज," ती म्हणाली.