चढावरचा सॅमन

"हरलास तर सॅमनचं सोंग घ्यायचं. धक्क्यापासून चर्चपर्यंतचा चढ पोटावर सरपटत चढायचा," कुंपणापलीकडून लोर्ना म्हणाली. "वरून बंबवाले पाणी सोडतील."

"सोडू देत," अर्वो म्हणाला. "मासा येतोय कुठे."

शेजारी फिदीफिदी हसले. लोर्ना वर्षानुवर्षं दर जूनला जहाजाने समुद्रात जायची, सॅमनची वीतभर पिल्लं जाळ्यात धरून मोजायची, पाणी किती गार तेही बघायची. यंदा पाणी थंडगार, पिल्लं गुटगुटीत. दोन वर्षांनी नदीच्या तोंडाशी मासाच मासा, असं तिचं म्हणणं. आणि तिच्याशी पैज कोण लावतोय, तर अर्वो. तो "आज उत्तरेला" म्हणाला की अॅस्टोरिया बंदरातल्या सगळ्या होड्या दक्षिणेला सुटायच्या.

हसली नाही ती फक्त कैसा, त्याची मुलगी. लोर्नाच्या भरवशावर नोकरी सोडून तिने मासेमारीची होडी घेतली होती.

"बाबा, सख्ख्या मुलीच्या विरुद्ध पैज?" एवढं म्हणून ती घरात गेली. पुढे बापाशी जेवढ्यास तेवढंच बोलायची.

पुढचा उन्हाळा माशांविना कोरडा गेला. गिऱ्हाईक येऊन होडी बघून गेलं. कैसा म्हणाली, अजून एक हंगाम बघते, नाहीतर विकून टाकते. अर्वोची टकळी चालूच. कॉफी पिता पिता भेटेल त्याला सांगायचा, "लिहून घे, शेपूटसुद्धा दिसायचं नाही."

त्याच्या पुढच्या ऑगस्टात मासा आला. असा आला, की कैसाची होडी काठापर्यंत पाण्यात बसून धक्क्याला लागली.

रविवारी गाव चढावर लोटलं. अर्वोने रबरी शेपूट बांधलं, गालांना गुलाबी कल्ले चिकटवले आणि पोटावर आडवा झाला. बंबवाल्यांनी पाणी सोडलं. चार हात वर, दोन हात खाली. मधेच थांबून त्याने शेपूट आपटून दाखवलं, तेव्हा पाद्रीबुवासुद्धा कठडा धरून हसले.

चर्चच्या दाराशी कैसा टॉवेल घेऊन उभी होती. हसू दाबत म्हणाली, "म्हणा आता, मासा येणार नाही म्हणून."

अर्वोने तोंडातलं पाणी थुंकलं.

"जन्मात माझा एक तरी अंदाज खरा ठरलाय का, पोरी? तू होडी घेतल्यावर 'मासा येणार' म्हणायला मी काय तुझा वैरी आहे?"