नवी बाटली

“अळणी आहे,” म्हणत बाबांनी ताटली पुढे सरकवली.

मुलाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. आई गेल्यापासून रोज हेच चाललं होतं. भाजी अळणी, सूप अळणी, आता ऑम्लेटही अळणी. काल तर त्याने मुद्दाम मीठ जास्त घातलं होतं, तरी अळणीच. वर म्हण तयार, “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” दिवसभर बस चालवायची, लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन पुन्हा हे. त्याच्या अगदी नाकी नऊ आले होते.

बरं, जेवणाला नावं ठेवण्यापलीकडे बाबा तोंड उघडतील तर शपथ! आईची आठवण नाही, डोळ्यांत टिपूस नाही. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलेले गृहस्थ. मैदानावर कुणाचा गुडघा फुटला तरी औषध एकच, “रडायचं काय त्यात? ऊठ!” पोटच्या मुलालाही तेच. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते आल्यागेल्यांसाठी खुर्च्या लावत होते, त्याही सरळ रेषेत. ताई फोनवर सारखी बजावायची, “अरे, त्यांना एकदा रडू दे. आतल्या आत कुढून आजारी पडतील.” रडू दे म्हणे! दगडाला पाझर फोडायचं काम भावावर सोपवून ही तिकडे मोकळी.

शेवटी आज येताना त्याने दुकानातला सगळ्यांत जहाल सॉस उचलला होता. लाल बाटली, वर आग ओकणाऱ्या ड्रॅगनचं चित्र. त्याने तिच्यावरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि आईच्या खुर्चीसमोर, सॉसची बाटली नेहमी असायची तिथे, ती आदळली.

“घ्या! घाला हवा तेवढा. मग बघू, अळणी कसं लागतं ते.”

आणि पाठ फिरवून तो स्वतःसाठी अंडी फोडू लागला. मागून बाटली हलवल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा हलवल्याचा. हट्टाने ओतताहेत, त्याला वाटलं. पोट बिघडलं की निस्तरायला आपण आहोतच.

ऑम्लेट झाल्यावर त्याने वळून पाहिलं. बाबांनी आपलं ऑम्लेट पावात दुमडून घेतलं होतं आणि ते खात होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नाक गळत होतं, हनुवटी थरथरत होती, पण घास चालूच.

“पुरे, बाबा! कशाला एवढा घातलात?”

“फार तिखट आहे रे,” बाबा कसेबसे म्हणाले. “तुझ्या आईला... तुझ्या आईला नसता झेपला.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव काढलं, तेही सॉसच्या निमित्ताने! मुलाला आणखीच राग आला. बायको गेली तेव्हा आलं नाही ते पाणी एका बाटलीने काढावं?

तो धुसफुसत समोर बसला. बाटली उचलली, टोपणाचं झाकण उघडलं, उलटी धरली. थेंब नाही. जोरजोरात हलवली. नाही. बुडावर थापट्या मारून झाल्या. चरफडत त्याने अख्खं टोपणच फिरवून काढलं.

बाटलीच्या तोंडावर चंदेरी कागद होता. चहूबाजूंनी घट्ट, कुठेही न फाटलेला. नवी बाटली टेबलावर ठेवण्याआधी तो आईच काढून टाकायची. टोपणाखाली असं काही असतं, हे या घरातल्या दोघा पुरुषांना ठाऊकच नव्हतं.

बाबा मान खाली घालून खात होते. डोळे पुसायलाही थांबत नव्हते.

मुलाने टोपण हळूच पुन्हा बसवलं. बाटली आपल्या ताटलीवर उलटी धरून दोनदा चांगली हलवली आणि पहिला घास घेतला.

“खरंच हो, बाबा,” तो म्हणाला, आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं. “फारच तिखट आहे.”