मान डावीकडे

"उजवीकडे, बाबा! व्यासपीठ उजवीकडे असणार!"

व्लास्ताने सुपाच्या पातेल्यावर डाव आपटला. म्हातारा बोहुमिर ओट्यापासून दारापर्यंत संचलनासारखा ताठ चालत होता आणि मध्येच झटक्यात मान वळवत होता. दर वेळी डावीकडे, ती उभी होती तिकडे. आठवड्यावर स्लेट आला होता, सोकोल या व्यायाम संघटनेच्या मंडळींचा देशभरचा क्रीडामेळा. कम्युनिस्टांनी तो बंद पाडला, त्याला सेहेचाळीस वर्षं झाली होती. आता ते गेले होते आणि पेटीतून सोकोलच्या गणवेशाची पिसाची टोपी बाहेर आली होती.

"डावीकडेच," बोहुमिर म्हणाला. "तू प्रागला चौकात ये. औषधाच्या दुकानापाशी उभी राहा. हलू नकोस तिथून."

"ते तर व्यासपीठाच्या समोर, पलीकडच्या अंगाला. तिथून काय दिसणार मला? पाहुण्यांचे बूट?"

तो हसला. पुन्हा चालायला लागला. पुन्हा मान डावीकडे.

व्लास्ताचा तोल गेला. शेवटच्या स्लेटच्या संचलनात बोहुमिरच्या रांगेने नव्या राज्यकर्त्यांकडे बघायचं नाकारलं होतं. एक शब्द न बोलता सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. त्याची शिक्षकाची नोकरी गेली. पुढे व्लास्ताला डॉक्टर व्हायचं होतं, तेव्हा बापाची ती मान आडवी आली. ती सूतगिरणीत लागली. अजून तिथेच होती.

"जन्मभर मी भोगलं, बाबा. अजून तुमची हौस फिटली नाही?"

बोहुमिर थांबला. सूप प्यायला, वाडगा विसळून ठेवला आणि झोपायला गेला. सकाळी उठला नाही.

संचलनाच्या दिवशी ती दुकानापाशी उभी राहिली. दुकान बंद होतं. एकेक रांग येत होती, व्यासपीठाकडे बघून "नाझ्दार!" अशी सोकोलची सलामी गरजत होती. मग बापाची रांग आली. सगळे पांढऱ्या केसांचे. मध्ये एक जागा रिकामी. त्या जागेच्या शेजारी बापाचे जुने सोबती हिनेककाका, हातात बोहुमिरची टोपी.

व्यासपीठ जवळ आलं.

माना वळल्या. डावीकडे.

गर्दीत कुजबुज झाली. तिच्या मस्तकात तिडीक गेली. आजसुद्धा? आता कोणावर राग? मग तिला त्यांचे डोळे दिसले. तिने मागे वळून पाहिलं. मागे दुकानाचं बंद दार. दुसरं कोणी नव्हतं.

"नाझ्दार, व्लास्ता!" हिनेककाका ओरडले. "बोहुमिर सांगून गेलाय, पोरी! आमची मानवंदना तुला!"

रांग पुढे सरकली. तिच्या समोरून ती रिकामी जागा चालली होती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तेव्हा मीसुद्धा त्यांच्याकडे बघितलं नसतं."